पायडल नंतर, आधी चाक : ४३ व्या वर्षी सायकल शिकलेल्या आशाताईंचं प्रकरण

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावच्या आशा स्वयंसेविका गेल्या उन्हाळ्यात सायकल शिकल्या. वय ४३. मुलगी वर्ध्याला कॉलेजात, मुलगा सातवीत. मी त्याच गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. हे शिकणं आमच्या शाळेच्या मैदानावर, माझ्यासमोर झालं, म्हणून त्याचा तपशील माझ्याजवळ आहे. त्यांनी लिहायला आनंदाने होकार दिला, नाव मात्र नको म्हणाल्या. म्हणून लेखभर त्यांना आशाताईच म्हणते.

सायकल लहानपणी आली तर आली, मोठेपणी ती येत नाही, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. विशेषतः बायांच्या बाबतीत. हाडं ताठ झाली, आता कुठून तोल यायचा, असं त्या स्वतःच म्हणतात आणि विषय संपतो. हे प्रकरण सविस्तर मांडायचं कारण हेच. आशाताईंचं अडलं होतं ते वयापाशी नव्हतंच. सायकल त्यांच्या मापाची नव्हती, जागा चार लोकांच्या नजरेतली होती आणि शिकवायचा क्रम उलटा होता. या तीन गोष्टी बदलल्यावर बाकीचं काम त्यांच्या शरीराने स्वतः करून घेतलं.

गरज

आशाताईंकडे साधारण हजार लोकसंख्या आहे. त्यातली बहुतेक घरं गावात, उरलेली तीन किलोमीटरवरच्या तांड्यावर. आरोग्य उपकेंद्र अगदी दुसऱ्या दिशेला, चार किलोमीटर. गावातली कामं पायी होतात. प्रश्न तांड्याचा होता, आणि त्यातही बाळंतिणींचा. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी बाळ जन्मल्यापासून ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाने घरी जाऊन त्याला पाहायचं असतं. वजन करायचं, ताप पाहायचा, श्वास मोजायचे, आई दूध कसं पाजते ते पाहायचं. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवसाची भेट आणखी वाढते. तांड्यावर एकाच वेळी दोन-तीन बाळं असली की आठवड्यातून दोन-तीनदा तिकडे जावं लागतं.

घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्या विदर्भातच घडली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून ती उभी केली, तिने बालमृत्यू घटतात हे दाखवून दिलं, आणि पुढे ती देशभर गेली. मला तिचा फार अभिमान वाटतो. पण या सगळ्या पद्धतीत त्या बाईचे पाय गृहीत धरलेले असतात आणि पाय थकतात याचा हिशोब कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. बाळाचा सातवा दिवस ऊन उतरायची वाट पाहत नाही.

एसटीत मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, पण तांड्याच्या फाट्यावर गाडी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. आशाताईंचे यजमान हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कामाला, मोटरसायकल तेच नेतात. स्कूटीचा विषय घरात दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा पेट्रोलच्या हिशोबाशी येऊन थांबला. आणि घरात एक सायकल तर होतीच. मुलीला शाळेत असताना सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली लेडीज सायकल ढोरांच्या कोठ्यात भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही टायर बसलेले, सीटवर कोंबडीची शीट. अशा सायकली आमच्या गावात निदान दहा-बारा घरांत सापडतील. मुलगी बारावी होऊन जाते, सायकल राहते आणि तिची आई पायीच चालते. मला यात फार मोठी गोष्ट वाया जाताना दिसते.

एप्रिलमध्ये एकदा शाळेत लसीकरणाची यादी घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी मला विचारलं, “मॅडम, मले सायकल शिकवान का? पोरीची सायकल घरी पडून हाय.”

आधी काय झालं होतं

आशाताईंनी एकदा प्रयत्न केलेला होता. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी, यजमानांच्या जेन्ट्स सायकलवर, गावच्या मुख्य रस्त्यावर. त्यांची उंची पाच फुटाला दोन इंच कमी. उंच दांड्याची सायकल, अंगात साडी, समोर पानठेला. यजमानांनी कॅरिअर धरून पळवत नेलं आणि मध्येच हात सोडला. पुढचं त्यांच्याच शब्दांत: “मले वाटे धरूनच हायेत. मांगं पाह्यलं त थे लांब उभे. तिथंच आडवी झाली. पानठेल्यावरच्या लोकायनं टाळ्या वाजवल्या.” गुडघा फुटला, तो बरा झाला. पण त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं त्यांनी हँडलला हात लावला नाही.

आपल्याकडे जवळपास प्रत्येकाला असंच शिकवतात. मागून धरायचं आणि न सांगता सोडायचं. दहा वर्षांचं पोट्टं पडलं तरी झटकून उठतं. मोठ्या माणसाला पडण्यापेक्षा फसवलं गेल्याचं जास्त लागतं. नंतर कोणी ‘धरलंय, धरलंय’ म्हटलं तरी त्याचा विश्वास बसत नाही, अंग आखडतं, आणि आखडलेल्या हाताने हँडल वळत नाही. म्हणून मी एकच नियम घातला. सायकल कोणीच धरणार नाही. कोणी धरलीच नाही तर सोडण्याचा प्रश्नच येत नाही.

हे ऐकून त्या घाबरल्या. मग मी त्यांना तोलाचं कारण सांगितलं, कारण मोठ्या माणसाला कारण कळलं की त्याचा अर्धा धीर तिथेच गोळा होतो.

फिरत्या चाकांमुळे सायकल उभी राहते, असं पुष्कळांना वाटतं. वर्गात मुलं हेच उत्तर देतात. २०११ साली अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एक वेगळीच सायकल करून पाहिली. तिच्यात उलट्या दिशेने फिरणारी जादा चाकं बसवून फिरत्या चाकाचा परिणाम जवळपास शून्य केला होता. तरी ती माणसाशिवाय ढकलल्यावर उभी राहून चालली. चाकांचं फिरणं मदत करतं, पण सगळा भार त्याच्यावर नसतो. खरी गोष्ट अशी की सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला पुढचं चाक वळलं की चाकं पुन्हा वजनाखाली येतात. चालवणारा माणूस हेच करत असतो, दर क्षणाला, थोडं इकडे थोडं तिकडे. आणि नवशिक्याचा हात नेमकं उलटं करतो. डावीकडे पडायला लागलं की तो घाबरून उजवीकडे ओढतो आणि हमखास डावीकडे पडतो.

आशाताईंनी लग्नानंतर कितीतरी वर्षं विहिरीचं पाणी डोक्यावर आणलेलं. मी त्यांना विचारलं, डोक्यावरचा गुंड डावीकडे झुकला तर तुम्ही काय करता? त्या विचारात पडल्या, मग जागच्या जागी मान हलवून पाहिली आणि म्हणाल्या, “त्याच्याखाली जातो.” सायकलचंही तेवढंच आहे, पडत्या बाजूखाली चाक न्यायचं. “म्हंजे पडतो तिकडंच वळवाचं?” होय, तिकडंच. ज्या बाईच्या डोक्यावर भरला गुंड न सांडता अर्धा मैल येतो तिला तोल शिकवायची गरज नसते. हातांना नवी जागा कळली की झालं.

कॅरिअर धरून शिकवण्यात दुसरा तोटा यातच दडलेला आहे. मागून घट्ट धरलेली सायकल कलतच नाही. ती कलली नाही तर वळवायचं कधी हे हाताला कधी कळणार?

मैदान

मुलीची सायकल आशाताईंच्या मापाने उंचच होती. सीट पूर्ण खाली केली तरी पायाचे चवडेच टेकत. शिकताना दोन्ही तळवे जमिनीवर पुरे टेकले पाहिजेत, यात तडजोड नको. म्हणून पहिल्या टप्प्यासाठी त्यांच्या पुतण्याची, पाचवीतल्या पोराची, वीस इंची सायकल मागून घेतली. पोराने एकच अट घातली, दुपारच्या आत परत पाहिजे.

सायकल आधी मिस्त्रीकडे नेली आणि दोन्ही पायडल काढून घेतले. डावं पायडल काढताना गावातल्या पोरांकडून हमखास आटे खराब होतात, कारण डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सैल करायला पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावा लागतो. मिस्त्रीला हे सांगावं लागलं नाही. गंजलेल्या आट्यांवर त्याने आधी घासलेट सोडलं, चहा पिऊन आला, आणि दोन झटक्यांत पायडल हातात दिलं. त्याला हे सगळं अजब वाटत होतं. “पायडलच नाई त चालवतीन काय?” त्याचा प्रश्न रास्त होता. पण जगातली पहिली सायकल अशीच होती. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस याने केलेल्या लाकडी गाडीला दोन चाकं होती आणि पायडल नव्हते. माणसं तिच्यावर बसून जमिनीला पाय मारत जात. पायडल यायला पुढे चाळीसेक वर्षं लागली. माणूस आधी चाकांवर तोल धरायला शिकला, पायडल मारायला नंतर. एका बाईला शिकवताना हाच क्रम ठेवायला काय हरकत आहे?

वेळ पहाटे साडेपाचची, सात वाजता बंद. सात नंतर आमच्याकडे मे महिन्यात उन्हात उभं राहवत नाही आणि भिंतीवर पोट्टेही येऊन बसतात. नववीतल्या दोन मुलींना मी त्याच वेळी मैदानावर सायकल फिरवायला बोलावलं. त्या मुली आपापल्या गप्पा मारत गोल फिरत, त्यामुळे पाहणाऱ्याला मैदानावर तीन सायकली दिसायच्या, एकटी आशाताई नाही. या साध्या गोष्टीचा परिणाम मला वाटलं होतं त्याहून मोठा झाला.

अंगात मुलीचा पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून. पायात मागे पट्टा असलेली सँडल, कारण स्लीपर पायातून निसटते. तब्येतीची चौकशी मी आधीच केली. गुडघेदुखी होती, चक्कर नव्हती, बीपी नुकतंच उपकेंद्रात पाहिलेलं. ज्या बाईला कानाच्या त्रासाने चक्कर येते किंवा जिची हाडं ठिसूळ झाली आहेत, तिला डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी मैदानावर आणणार नाही.

पहिल्या दिवशी बसायचंच नव्हतं. सायकल हातात धरून चालायचं, वळवायची, आणि ब्रेक दाबून थांबवायची. पुन्हा चालायचं, पुन्हा थांबवायची. या सायकलचा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा होता. तो एकटा जोरात दाबला की मागचं चाक कसं उचलतं ते त्यांनी हातानेच अनुभवलं. दोन्ही ब्रेक सोबत, हळू दाबायचे. थांबता येतं हे हाताला पटल्याशिवाय पाय जमिनीवरून उचलायला मन तयार होत नाही, हे मी या प्रकरणात फार स्पष्ट पाहिलं. आपण सगळे ‘चालव, चालव’ म्हणतो. मोठ्या माणसाला आधी थांबायचं शिकायचं असतं.

मग सीटवर बसून चालणं. दोन्ही पाय जमिनीवर, सायकल दोन पायांच्या मध्ये, बदकचालीने पुढे. सुरुवातीला आशाताईंचे हात असे आवळलेले की बोटांची पेरं पांढरी पडत, आणि नजर पुढच्या चाकावर. चाकावर नजर ठेवली की सायकल डुगडुगते, कारण कलणं डोळ्यांना उशिरा दिसतं. मैदानाच्या टोकाला कडुलिंब आहे. मी म्हटलं, चाक नाही पाहायचं, त्या लिंबाचं खोड पाहायचं. आणि बोलत राहायचं. बोलणाऱ्या माणसाचा श्वास चालू राहतो आणि खांदे सैल पडतात. त्या तांड्यावरच्या बाळांची वजनं सांगायला लागल्या: अमकीचं बाळ अडीच किलो, तमकीचं दोन दोनशे, त्याला उन्हाळा असून कापडात गुंडाळून ठेवायला सांगितलं.

आमचं मैदान मुरमाचं आहे आणि फाटकाकडे अगदी थोडा उतार आहे. चालताना डोळ्यांना दिसणार नाही एवढा, पण चाकाला कळतो. गवतावर पडलं तर लागत नाही हे खरं, पण गवतात चाक अडतं, वेग येत नाही, आणि कमी वेगात तोल सगळ्यात अवघड. घाबरलेला माणूस हळू जातो, हळू गेल्याने डगमगतो आणि डगमगल्याने आणखी घाबरतो. हे चक्र उताराने तुटतं. लांब ढांग टाकायची, पाय जरासे उचलायचे, वाटलं की टेकायचे.

दुसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी त्या बाळांची वजनं सांगत होत्या की लसीची यादी, ते मला आठवत नाही, पण बोलता बोलता त्यांचे दोन्ही पाय वर राहिले. मी पाहत होते ते हँडल. ते बारीक बारीक हलत होतं, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, मुंगीच्या पावलाएवढं. पांढरी पेरं गेली होती. सायकल कलायची आणि हात तिच्याखाली चाक न्यायचे, त्यांच्या नकळत. लिंबाच्या अलीकडे त्यांनी ब्रेक दाबला, दोन्ही पाय टेकले आणि म्हणाल्या, “मॅडम, पाय कुठी होते माहे?”

इथे खरं शिकणं झालं असं मी मानते. पुढचं सगळं त्याच्यावरची भर.

पायडल

पायडल बसवल्यावर मात्र गाडी पुन्हा अडली. आता मुलीची सायकल घेतली होती, चवड्यांना आधार पुरत होता. पण पायाला काम मिळालं की नजर पायाकडे जायची, नजर खाली गेली की हात आवळायचे, आणि जमलेलं सगळं नाहीसं व्हायचं. आठवडाभर असंच. त्यांना वाईट वाटत होतं आणि घरूनही बोलणं सुरू झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, “जावई आनाचं वय झालं तुहं, अन् सायकल शिकून राह्यली!” सासूबाई वाईट नाहीत. त्यांना सून पडेल याचं भेव होतं आणि भेव असं रागातून बाहेर येतं.

उपाय मिस्त्रीने सुचवला. दोन्ही पायडल एकदम कशाला, एकच लावू. त्याने डावं काढून ठेवलं. उजवा पाय पायडलवर ठेवायचा, डाव्या पायाने जमिनीला रेटा द्यायचा आणि घसरत जायचं. एका पायाचं काम ओळखीचं राहिलं, एकाचंच नवं. उजवं पायडल मागे फिरवून वर, जरा पुढे आणायचं, घड्याळात काटा दोनवर असतो तसं, आणि त्यावर पूर्ण वजन देऊन दाबायचं. त्या पहिल्या दाबाने सायकलला जो वेग मिळतो त्यावर दुसरा पाय निवांत जागा शोधतो. हळू, भीत भीत दाबलं तर सायकल दोन फुटांत आडवी होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डावं पायडल परत लावलं आणि मग ते काढावं लागलं नाही.

तोल आणि पायडल दोन्ही जमल्यावर सीट वर घेतली. शिकण्यासाठी खालची सीट बरोबर असते, रोज चालवण्यासाठी ती गुडघ्याचा शत्रू. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ, किंचित वाकलेला राहिला पाहिजे. आमच्या गावातल्या निम्म्या बाया आणि मुली सीट खाली ठेवून गुडघे छातीशी आणत सायकल मारतात आणि मग सायकलने गुडघे दुखतात म्हणतात. आशाताईंचं दुखणं सीट वर गेल्यावर कमी झालं. चालण्यापेक्षा सायकलवर गुडघ्याला आराम वाटतो, असं त्या सांगतात. अंगाचं वजन सीटवर जातं, त्यामुळे ते पटण्यासारखंही आहे.

रस्ता आणि ओझं

मैदानावर गोल फिरता आलं की सायकल आली असं सगळे समजतात. माझ्या मते अर्धीच आली. उरलेली अर्धी रस्त्यावर शिकायची असते आणि ती कोणी शिकवत नाही, म्हणून पुष्कळ बाया मैदानापर्यंत येऊन परत फिरतात.

तांड्याचा रस्ता दोन किलोमीटर डांबरी आणि पुढे एक किलोमीटर पांदण. डांबरी रस्त्यावर कापसाची, तुरीची ट्रॅक्टर-ट्रॉली, उधळत जाणाऱ्या मोटरसायकली, मध्ये बसलेल्या म्हशी. पहिल्या वेळी नववीतली एक मुलगी आपली सायकल घेऊन पुढे आणि आशाताई मागे. मी सांगितलं होतं, भीती वाटली की उतरायचं. उतरणं म्हणजे हरणं नाही, ते चालवण्याचाच भाग आहे. नाल्यावरच्या रपट्याला कठडा नाही आणि रुंदी ट्रॉलीपुरतीच. समोरून ट्रॉली आली तेव्हा आशाताई रपट्याच्या अलीकडे ब्रेक दाबून डाव्या बाजूला उतरल्या, सायकल हातात धरून उभ्या राहिल्या, ट्रॉली गेली, मग चढल्या. ट्रॉलीवाला ओळखीचा होता, त्याने वरून विचारलं, “कुठी निंगाल्या?” “बाळ पाहाले,” त्या म्हणाल्या. पहिल्या दिवशी ब्रेकपासून सुरुवात केली होती, ती इथे कामी आली.

मागे वळून पाहणं त्यांना अजून जमत नाही. मान वळवली की हँडलही वळतं. त्यावर मिस्त्रीने उजव्या हँडलला छोटा आरसा बसवून दिला. हात दाखवून वळणंही कच्चं आहे, म्हणून उजवीकडे वळायचं तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला उतरतात, दोन्हीकडे पाहतात आणि सायकल हाताने ओलांडून नेतात. मला हा मार्ग पूर्ण मान्य आहे.

साडीचं काय, हा प्रश्न प्रत्येक बाई मला विचारते. कामावर आशाताई साडीच नेसतात. चेनला पूर्ण कव्हर पाहिजे आणि मागच्या चाकाला जाळी पाहिजे. मुलीच्या सायकलचं चेनकव्हर अर्धं तुटलेलं होतं, ते बदललं. निऱ्या एक बोट वर खोचायच्या, पदर कमरेला आवळायचा, सैल काहीच सोडायचं नाही.

ओझ्याचं शिकणं वेगळंच निघालं. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, कापड, रजिस्टर, गोळ्या. पहिल्यांदा त्यांनी ती हँडलला अडकवली. पिशवी झोके घेते, हँडल तिच्यामागे जातं, आणि हाताने शिकलेली बारीक हालचाल बिघडते. पिशवी कॅरिअरवर, मध्यावर, जुन्या ट्यूबच्या पट्टीने दोन वेढे घालून बांधली की ती सायकलचाच भाग होते. आधी मैदानावर तेवढ्याच वजनाची तांदळाची पिशवी बांधून त्यांनी सराव केला, मग खरी पिशवी.

पंक्चरचा त्रास दिवाळीच्या आसपास सुरू झाला. पावसाळ्यानंतर पांदणीच्या कडेचे सराटे वाळतात आणि त्यांचा काटा टायरमधून आरपार जातो. शेताच्या कुंपणाचे बाभळीचे काटे तर बारमाही. हवा भरणं त्या शिकल्या, घरी पंप घेतला. पंक्चर काढणं मिस्त्रीकडेच. आता निघण्याआधी टायर अंगठ्याने दाबून पाहतात आणि हात फिरवून काटा शोधतात. ही सवय मी त्यांना सांगितलेली नाही.

काय साधलं, काय राहिलं

तांड्यावर पायी जायला पाऊण तास लागायचा, आता वीस मिनिटांच्या आत होतं, पांदणीचा तुकडा धरूनही. सकाळी लवकर निघून ऊन चढायच्या आत घरी येता येतं. सगळ्यात मोठा फरक त्यांच्या तोंडून ऐकलेला असा: बाळाचं वजन कमी भरलं, आई घाबरली, तर ठरलेल्या दिवसाच्या मधेही एक चक्कर मारून येता येते. आधी ती चक्कर टळायची, कारण जाऊन-येऊन सहा किलोमीटर होतात.

तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या कलेक्टर शीला राणी चुंकथ यांनी साक्षरता मोहिमेलाच सायकल जोडली होती. हजारो खेडूत बाया, त्यांत अंगणवाडी सेविका आणि शिक्षिकाही, तेव्हा सायकल शिकल्या. प्रशासनाने एकदा मनावर घेतलं की केवढं होऊ शकतं, ते तिथे दिसलं. आमच्याकडे सायकली सरकारने आधीच घरात आणून ठेवल्या आहेत. लागतं ते उन्हाळ्यातलं शाळेचं रिकामं मैदान, पाना माहीत असलेला मिस्त्री, एखादी वीस इंची सायकल, आणि पहाटे दीड तास देणारं माणूस. आशांच्या आणि अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात हे एका आठवड्यासाठी तरी घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. खर्चाचं म्हणाल तर आशाताईंच्या सायकलला दोन ट्यूब, एक चेनकव्हर, एक आरसा आणि मिस्त्रीची मजुरी लागली.

त्यांचं पाहून गावातल्या आणखी दोघी मैदानावर आल्या. अंगणवाडीच्या मदतनीस पायडलपर्यंत पोचल्या आहेत. दुसऱ्या बाईंनी पहिल्या आठवड्यानंतर येणं बंद केलं. घरून पहाटे निघणं त्यांना जमत नव्हतं. त्यांच्यासाठी संध्याकाळची वेळ पाहायला हवी, पण संध्याकाळी मैदान पोरांच्या क्रिकेटचं असतं आणि तो गुंता अजून सुटलेला नाही.

पावसाळ्याचा प्रश्न तर आहेच. काळी माती ओली झाली की ती चाक आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसते, चाक फिरणं बंद होतं आणि सायकल ओढण्यापेक्षा उचलणं सोपं पडतं. पांदण पक्की करण्याचा अर्ज ग्रामपंचायतीत दिलेला आहे. तोवर जून ते सप्टेंबर आशाताई डांबरी रस्त्यापर्यंत सायकलने जातात, फाट्यावरच्या किराणा दुकानाच्या ओसरीत ती कुलूप लावून ठेवतात आणि शेवटचा एक किलोमीटर पिशवी खांद्याला लावून पायी जातात.